वावरातला खांब

बापाच्या वावरात मी एक खांब रोवला, एवढाच माझा गुन्हा. लोखंडी पाइप, त्यात फिरणारा दुसरा पाइप, त्यावर आडवा बांबू आणि बांबूवर ॲल्युमिनियमच्या दांड्या. कुणाचा बांध कोरला नाही, कुणाचं पाणी अडवलं नाही. तरी तो भावकीच्या डोळ्यात खुपला, आणि खुपला ते बरंच झालं असं मी आजही म्हणते.

मी नांदेडला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. नवरा रेल्वेत आहे. हौशी रेडिओचा नाद मला लावला तो लातूरच्या एका निवृत्त सरांनी. भूकंपात फोन बंद पडले तेव्हा बाहेरून आलेल्या रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले होते. ते पाहून सरांनी स्वतः परीक्षा दिली आणि पुढे जो भेटेल त्याला शिकवत सुटले. मीही परीक्षा दिली. सरकारी परवाना आला आणि त्यासोबत अक्षरं-आकडे मिळून माझं स्वतःचं संकेतनाम आलं. दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं आडनाव आहे, माहेरी मी अमक्याची लेक आहे. हे नाव मात्र कुणाकडून आलेलं नव्हतं, मी अभ्यास करून मिळवलं होतं. त्याचा मला किती माज होता म्हणून सांगू!

आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी आकाशात छोटे उपग्रह फिरत असतात. खालून आपण बोललेलं ते उचलतात आणि लगेच परत खाली सोडतात, त्यामुळे हातातल्या साध्या संचावरून केलेली हाक पार श्रीलंकेत ऐकू जाते. पण उपग्रह कुणासाठी थांबत नाही. क्षितिजावर उगवला की चहा उकळून पिऊन होईपर्यंत पलीकडे मावळतो. तेवढ्या वेळात अँटेना त्याच्या रोखानं फिरवत राहायची आणि बटणही हळूहळू फिरवायचं, कारण समोरून येणाऱ्या एसटीच्या हॉर्नसारखा त्याचा सूर येताना चढा आणि जाताना उतरता होतो.

नांदेडात घरमालक गच्चीवर खिळा ठोकू देईना. शिवाय शेजारपाजारचे इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे रेडिओत नुसती खरखर ओतायचे. म्हणून मी अण्णांना, म्हणजे वडिलांना विचारलं. त्यांचं शेत लोहा तालुक्यात आहे. शेतात गुरांचं आणि अवजारांचं पत्र्याचं घर आहे, आमच्याकडे त्याला आखाडा म्हणतात.

"आखाड्यापाशी एक खांब रोवू का, अण्णा?"

"रोव की, माय. वावर का दुसऱ्याचं हाय?"

बांबू मी अर्धापूरच्या एका केळीवाल्याकडून मागून आणला. लगडलेल्या केळीला टेकू द्यायचा तो, वजनाला हलका आणि वाऱ्याला चिवट. दांड्या मी मापात कापल्या, बांबूला भोकं अण्णांनी पाडली. पहिल्या रविवारी उपग्रहावरून लातूरचे सरच सापडले. एसटीनं जीव मेटाकुटीला येतो ते लातूर! सरांनी रीतसर विचारलं, "कुठून बोलताय?"

"लोह्याजवळून, वडिलांच्या शेतातून," मी म्हणाले.

पुढे प्रत्येक रविवारी, कुणीही विचारलं तरी, मी हेच सांगायची.

श्रावणात पावसानं दडी मारली. सोयाबीन फुलात होतं आणि दुपारी पानं मिटून घेत होतं. एका रविवारी अण्णांचे धाकटे भाऊ, माझे काका, आखाड्यावर आले. आले ते थेट खांबासमोर उभे राहिले.

"हे काढ, माय."

"का हो, काका?"

"ढग येऊन राहिले अन् तसेच जाऊन राहिले. समद्या गावाला दिसून राहिलं. तुझं हे पाऊस पळवून राहिलं."

पवनचक्क्यांची पाती ढग पळवतात असं आमच्याकडे ठामपणे बोललं जातं. माझा खांब तर फिरतोही, मग काय विचारता! मी आधी हसले. मग शिकवायची सवय नडली. "थांबा, दाखवते," म्हणाले. ढगांची चित्रं पाठवणारेही उपग्रह असतात, आणि त्यातल्या एकाचं चित्र मी सकाळीच याच अँटेनानं पकडलं होतं. लॅपटॉप उघडून काकांपुढे धरला. ही किनारपट्टी, हे कोकणावरचे ढग, आणि हा आपला मराठवाडा. मराठवाडा लख्ख उघडा होता.

काकांनी वाकून पाहिलं. मग बोट थेट त्या उघड्या जागेवर ठेवलं.

"मंग मी दुसरं काय म्हनून राहिलो? हितं तुझा खांब, अन् हितंच ढग न्हाई. तूच फोटो काढलास की!"

आयुष्यात इतका चांगला पुरावा मी स्वतःच्या विरोधात कधी दिला नव्हता.

"मला सरकारचा परवाना आहे, काका."

"परवाना रेडूचा हाय. वावराचा हाय का?"

हे बोलले आणि त्यांनी जीभ चावली. पण निघायचं ते निघून गेलं होतं. मला भाऊ नाही. अण्णांच्या मागे हे शेत आपल्या पोरांकडे येणार, असं काकांनी मनाशी कधीच धरून ठेवलेलं. लेकीनं माहेरी यावं, साडी-चोळी घ्यावी, हक्कसोडीवर सही करून हसतमुखानं परत जावं, ही आमच्याकडची रीत. मी सही केली नव्हती, पण नाहीही म्हटलं नव्हतं. आणि आता मी जमिनीत पाइप गाडला होता, तोही सिमेंट ओतून. पाऊस हे निमित्त होतं. डोळ्यात सलत होतं ते सिमेंट.

जाताना त्यांनी अण्णांना सुनावलं, "पोळ्याच्या आत काढा, दादा. न्हाईतर तुमचे बैल आमच्या संगं वेशीत न्हाई येनार."

हे वर्मावर होतं. पोळ्याला आमच्या भावकीचे बैल एका रांगेत वेशीखालून जातात आणि रांगेत पुढे असते ती अण्णांची जोडी. सगळं वर्ष अण्णा कुणाशी फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी कासरा धरून चालताना त्यांची मान बघावी. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"वावर का दुसऱ्याचं हाय," म्हणणारा माणूस गप्प बसलेला पाहून मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काकांचा राग नव्हता आला एवढा.

"मी काढणार नाही, अण्णा," मी म्हणाले. "तुम्हाला बैल मिरवायचे असतील तर तुमच्या हातानं उपटा. भोकं तुम्हीच पाडलीत."

मी संच पिशवीत भरला आणि लोह्याचा रस्ता धरला. नांदेडला पोचेपर्यंत मनातल्या मनात भांडत होते, आधी काकांशी, मग अण्णांशी आणि शेवटी स्वतःशी. बोलले ते खोटं नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसाला मी त्याच्या बैलांत आणि माझ्यात निवड करायला लावली होती. तरीही शब्द मागे घ्यायची माझी तयारी नव्हती.

पोळ्याच्या दिवशी दुपारी गेले. खांब आडवा पडलेला असणार, हे धरूनच गेले होते, तरी सवयीनं संच पिशवीत होताच. सिमेंट फोडायला काय वापरलं असेल, पहार की टिकाव, एवढाच विचार वाटेत करत होते.

लांबूनच काहीतरी चमकताना दिसलं. जवळ गेले. खांब उभा होता. पाइपाला गेरू फासलेला, बांबूला लाल-पिवळा गोंडा, आणि प्रत्येक दांडीला टोकापासून बुडापर्यंत चकचकीत बेगड गुंडाळलेलं, बैलाच्या शिंगांना गुंडाळतात तसं. खाली कुंकू, फूल आणि पुरणपोळीचा घास. शेजारी नटवलेली जोडी दावणीला शांत उभी होती, आणि तिच्यापाशी डोक्याला फेटा बांधून अण्णा बसले होते.

"वेशीत नाही गेलात?"

"आपली वेस हितंच," अण्णा म्हणाले. "बैल पुजले, तिफन पुजली. मंग ह्येलाच कामून सोडायचं? हे बी वावरातलंच हाय."

मी खांबाभोवती एक फेरी मारली. आणि खरं सांगायचं तर त्या बेगडानं माझ्या अँटेनाचं पार वाटोळं झालं होतं. धातूचा कागद दांडीला गुंडाळला की दांडीचं माप बिघडतं. मिलिमीटर मोजून कापलेल्या दांड्या आता कुठल्याच मापाच्या राहिल्या नव्हत्या. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी जागेवर सोलून काढलं असतं. त्या दिवशी हात लावला नाही.

वेशीकडे निघालेला ढोल-ताशा रस्त्यानं आला. भावकीचे बैल पुढे, काका सर्वांत पुढे. आमच्या बांधाशी आल्यावर त्यांची पावलं मंदावली. ते बैलांकडे पाहत होते की खांबाकडे, ते कळलं नाही. नेमका तेव्हाच उपग्रह उगवायचा होता. ऊन कडक होतं, आभाळ उघडं होतं, पाऊस त्या दिवशीही आला नाही. मी आतला पाइप पूर्वेकडे फिरवला. गोंडा हलला, बेगड खडखडलं. अण्णा उठले, माझ्या हातातून पाइप घेतला आणि म्हणाले, "सांग कुनीकडं वळवू."

त्यांनी खांब धरला, मी संच. संकेतनाम उच्चारलं. नुसती खरखर आली. पुन्हा हाक दिली, सूर उतरायला लागला तसं बटण फिरवत गेले. शेवटी खरखरीच्या तळातून लातूरचे सर आले.

"आवाज फार बारीक येतोय. काय झालं? कुठून बोलताय?"

बांधावरचा ढोल थांबला होता. काका ऐकत होते. मी बटण दाबलं आणि त्यांच्याकडे बघत, बेगडातून जाईल तेवढ्या जोरानं सांगितलं,

"माझ्या शेतातून."