गाईचे शेपूट, नग एक

प्लेगच्या पहिल्या सालची कार्तिक वद्य द्वितीया, सकाळी आठ. हजर: मी, जाळायच्या सामानाची यादी लिहिणारा कारकून; दोन शिपाई; चवऱ्या बांधणाऱ्या कारागिराची बायको. कारागीर गैरहजर. त्याला आदल्या दुपारी दफन केले होते.

अंथरूण-पांघरूण, कपडे, गोणपाट लिहून झाले. उरली एक अर्धी बांधलेली चवरी. तिचे केस वनगाईच्या शेपटीचे, उत्तरेच्या बर्फाच्या डोंगरांतून व्यापारी आणत. कामानिमित्त मी त्या कारागिराकडे जात असे, तेव्हा त्यानेच सांगितले होते. अंगावरच्या राठ केसांचे तिकडे दोर वळतात, तंबू विणतात. आतल्या मऊ लोकरीची कांबळी होतात. चवरीला मात्र शेपूटच हवे. घोड्याचा केस फटकारतो, हा पाण्यासारखा खाली उतरतो. रिठ्याने धुवायचा, टोकाकडून विंचरायचा, मुळाशी गच्च बांधायचा. देवीच्या देवळातल्या चवऱ्याही त्याच्याच हातच्या.

घाईत मी लिहिले, ‘गाईचे शेपूट, नग एक’. ‘वन’ राहून गेले.

बाई उंबऱ्यात आडवी आली. “तेवढं ठेवा की दादा. शेवटची गाठ ऱ्हायलीय. ती मारल्याबिगर त्येंचा हात सुटायचा न्हाय.”

नियम नियम असतो, असे सांगून मी पुढच्या घरी गेलो.

संध्याकाळी यादी परत आली. सगळ्या जिनसांपुढे जाळल्याच्या खुणा होत्या, या एकीपुढे नव्हती. दोघांतल्या एका शिपायाला विचारले. तो हातकणंगल्याकडचा, घरी गोठा असलेला.

“गाय जाळू व्हय मी?” तो म्हणाला.

गाय पुरतात तसे त्याने ते शेपूट मडक्यात मीठ घालून बावड्याच्या वाटेवर चिंचेखाली पुरले होते. मी चिडलो. पण वर कळवले तर त्याची नोकरी जाणार, आणि यादी माझ्या हातची. मी ‘जाळले’ असे लिहून टाकले.

नवऱ्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर बाई कचेरीत आली. सामानाच्या होळीपाशी ती शेवटपर्यंत उभी होती म्हणे.

“केस जळल्याचा वास आला न्हाय,” ती म्हणाली. “खरं सांगा, जळालं का?”

मी जळाले म्हणालो.

“मग पहाटं त्वांडावर वारा कोण घालतंय?”

पदर सारखा करून ती निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यापासून कचेरीत बसलो असता मानेवरून वारा जाऊ लागला. थंड, एका लयीत, थांबून थांबून. खिडकी तपासली, बंद. पंख्याची दोरी सोडलेली. भिंतीला फट नाही. जागा बदलली, टेबल फिरवले, वैद्याला मान दाखवली. वारा तसाच. देवीच्या आरतीला जाणे मी बंद केले. तिथे चवरी हलू लागली की ती धरणाऱ्याचा हात मला दिसत नसे.

याला आता बारा वर्षे झाली. शिपाई पेन्शन घेऊन गावी गेला. बाई त्याच गल्लीत आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या कारकुनांना अजून तेच विचारते, असे ऐकतो. मी ती गल्ली टाळून जातो.

चिंच उभी आहे. कुदळ घेतली आहे, मजूर ठरवला होता, दोनदा परत पाठवला. मडके काढून तिच्या हाती द्यायचे आहे. त्याआधी, मी खोटे बोललो, हे तिला सांगायचे आहे. ते अजून झालेले नाही.