छपरावरचे टायर

उन्हात तापलेल्या टायरचा वास आला की मानकोलीचं आमचं घर आठवतं. पावसाळ्यात छपरावरचं प्लास्टिक उडू नये म्हणून आम्ही त्यावर जुने टायर ठेवायचो. शेजारच्या काकूंच्या पोरीला डेंग्यू झाला, तेव्हा त्यांच्या उघड्या पिंपावरून आईनं सगळी गल्ली डोक्यावर घेतली. मग तपासणीला आलेली आरोग्यसेविका आमच्याच छपरावर चढली आणि टायरमधलं पाणी वाटीत घेऊन उतरली. त्यात अळ्या वळवळत होत्या. सगळ्यांसमोर आईची मान खाली गेली, माझीही. टायर निघाले. संध्याकाळी काकू मातीनं भरलेल्या गोणी घेऊन दारात आल्या. "आता प्लास्टिक उडंल गं, ह्या ठेव वर." पोरगी कशी आहे, एवढंही आमच्या तोंडून निघालं नाही. ती बरी झाली, लग्न होऊन टेमघरला गेली. आजही रस्त्यात भेटली की काही बोलायच्या आधी मी तिला विचारते, "बरी आहेस ना?"