दोन्ही बाजूंचे पॅड

“एक ही तरफ का ब्रेक पैड बदल दो, भैया. दूसरा अभी चलेगा,” बाबा मेकॅनिकला सांगत होते. आमचा छोटा ट्रक मऊरानीपूरला धान्य भरायला निघायचा होता.

हा मेकॅनिक आधी चाक खोलत नाही. ड्रायव्हरला ब्रेकचा आवाज तोंडाने काढून दाखवायला लावतो. मिशीवाले गडीही लाजत ‘कीं-कीं’ करतात आणि तो डोळे मिटून, अजिबात न हसता ऐकतो. मला ते फार आवडतं, पण मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

आज डावा पॅड पार लोखंडापर्यंत झिजला होता, उजवा थोडा शिल्लक होता.

“बाबूजी, बदलेंगे तो जोड़ी से. नहीं तो ब्रेक लगते ही गाड़ी एक तरफ खिंचेगी. चलाएगा तो ये,” त्याने आमच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

“गाडी दुसरीकडे नेऊ,” बाबा चिडून मला म्हणाले.

त्याला तेवढं मराठी कळत असावं. काढलेलं चाक आडवं करून तो त्यावरच बसला. “ले जाइए. पहिया यहीं रहेगा.”

ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता. बाबांसमोर तो बोलत नाही, मीही नाही.

बाबांकडे न बघता मी म्हणाले, “भैया, दोनों तरफ के बदल दीजिए.”