परीक्षेत वारलेले बाबा

माझे बाबा नेदरलँड्समध्ये वारले, तेव्हा ते तुमसरला युरिया आणायला गेले होते.

त्यांना तिकडे नेऊन मारलं मीच, तोंडी परीक्षेत! मी तिथे कायदा शिकत होते. एकाच घरच्या भानगडीत दोन देश आले की कायदा कुणाचा लावायचा, हा माझा विषय. कोरोनात विद्यापीठानं सगळ्यांना घरी पाठवलं, आणि ती परीक्षा मी सिहोऱ्यातल्या आमच्या पुढच्या खोलीत, धानाच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून दिली.

मॅडम म्हणाल्या, उदाहरण द्या. मी म्हटलं, समजा माझे वडील नेदरलँड्समध्ये राहत होते, तिथेच वारले, आणि त्यांची धानाची जमीन भारतात आहे. (दुसऱ्या कुणाच्या बापाला मारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आपली जमीन आपल्याला पाठ असते ना!)

खिडकीबाहेर शेजारचे दौलतभाऊ उभे होते. माझं इंग्रजी ऐकायला ते रोज यायचे. कळायचं कमी, कौतुक फार. त्या दिवशी ‘माय फादर डाइड’ एवढं त्यांना स्वच्छ कळलं. ‘समजा’ तेवढं कळलं नाही! बाबा सकाळीच मोटरसायकलवर गेलेले, त्यांचा फोन बंद. आम्हाला विचारायचा त्या भल्या माणसाला धीर होईना. मग त्यांनी गल्लीत सांगितलं आणि नाकाडोंगरीला माझ्या काकांना फोन लावला.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्याच वर्षी हे दोघंही तळ्याखालच्या एका बांधीवरून वेगळे झाले. बांधी म्हणजे धानाचा एवढासा तुकडा, पण दोघंही म्हणत, माझा. जिल्ह्यांचं निदान एकमेकांशी बोलणं राहिलं, यांचं तेही नाही.

थोड्याच वेळात अंगणात गल्लीतल्या बायकांचं रडणं सुरू झालं. आई धावत बाहेर गेली.

“काहून रडून राहिल्या वो? पोरीची परीक्षा सुरू आहे!”

“रड वो माय, मोकळी हो!” म्हणत दोघींनी तिला मिठीच मारली.

मॅडमनी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, शेजारी लग्न आहे. (त्यांना पटलंही!)

परीक्षा संपवून बाहेर आले, तेव्हा कुठे उलगडा झाला. दौलतभाऊंनी कपाळावर हात मारला. पण काका निघाले होते, आणि गाडीवर असताना ते फोन उचलत नाहीत. आले ते थेट पायरीवर कोसळले. “दादा! कायले अबोला धरला रे मी!” आम्ही काय सांगतोय, ते ऐकायला तयार नाहीत. तेवढ्यात मागून मोटरसायकल आली, युरियाच्या पोत्यासकट.

“कोन गेलं बे?” बाबांनी घाबरून विचारलं.

काकांनी वर पाहिलं. “तू!”

“मी? मी तं युरिया आणाले गेलो होतो!”

पोतं धप्पकन खाली पडलं आणि दोघं भाऊ गळ्यात पडून रडले. बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आईनं डोळे पुसत चहा टाकला. काका आमच्या खाटेवर बसले, हसले, मला हाक मारली.

“मंग वकीलीनबाई, माह्या दादाले मारून तळ्याखालची बांधी कोनाले देली वो?”

आई दारातून मला डोळ्यांनी खुणावत होती. गप्प बसले असते तर! पण मी परीक्षेतून ताजी उठलेली.

“जमीन जिथली, कायदा तिथला, काका. बायको आणि पोरं असली की भावाले काही भेटत नाही.”

काकांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. गाडीला किक मारली आणि गेले, ते अजून आले नाहीत. बाबांनी त्यांना अडवलं नाही, आणि मीही नाही. फार वाईट वाटतं हो. सगळं जुळून आलं होतं आणि माझी जीभ आडवी आली.

निकाल लागला. उत्तर निर्दोष, असा मॅडमचा शेरा. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी तळ्याखालच्या बांधीकडे बोट केलं.

“त्याच्यापाशी बोलाले माही जीभ उचलत नाही. पुढच्या परीक्षेत मले खुशाल मार, पण बांधी त्याले देऊन टाक.”

आणि मी काय म्हणावं?

“बाबा, तसं सांगितलं तर मी नापास होईन ना!”