मोरीवरचे भेदरे

रुखमाबाईले कोणी अडाणी म्हटलं तर मी आजही भांडायले उठते. खेड्यातून शहराजवळच्या वाडीत आलेली, आमच्या बाजूच्या खोलीत राहे. तिचा नवरा गिरिधर ट्रकच्या गोदामात हमाल होता. बहात्तरचा दुष्काळ. भाकर अन् बेसन, बेसन अन् भाकर. ताटात हिरवं पान दिसे नाही. होता होता त्याच्या हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, पायावर काळेनिळे डाग आले. पोतं राहू द्या, त्याले पाण्याचा लोटा उचलवे नाही.

आंबटानं जखम चिघळते, असं तिनं आईपासून ऐकलेलं. म्हणून घरात आंबट बंद. पण मोरीच्या पाण्यावर भेदऱ्याची झाडं आपोआप उगवली होती. गिरिधर लपून ते लाल, आंबट भेदरे तोंडात टाके. तिले दिसलं की ती हातावर फटका मारे.

"मरायचं हाय का तुमाले?" म्हणे, अन् मग स्वतःच रडत बसे.

शेवटी ट्रकात घालून त्याले शहरात, सदर भागातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, "जीवनसत्त्व कमी पडलंय. रोज कच्चे टोमॅटो द्या, हिरड्या भरतील. नाहीतर माणूस हातचा जाईल."

टोमॅटो! मेल्यानं भेदरं म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती?

रुखमाबाईले वाटलं, साहेबलोकांचं काही फळ असंन. दुसऱ्या दिवशी ती पायी सदरले निघाली. आपल्यामागं नवरा आंबट खाईन, या धाकानं जाताना मोरीवरची झाडं उपटून उकिरड्यावर फेकून गेली.

बाजारात तिनं भाजीवाल्यापुढं हात जोडले. "भाऊ, टोमॅटो दे गा. माझा माणूस मरून राहिला."

"टोमॅटो म्हणजे आपलं भेदरंच वं बाई," तो म्हणाला. "पण मळे वाळले. महिन्यापासून माल नाही."

ती धापा टाकत परतली. झाडं शेळ्यांनी फस्त केलेली. आम्ही दोघींनी हातानं उकिरडा उपसला, तेव्हा कुठं तीन भेदरे सापडले, त्यातलं एक हिरवं. धुऊन तिनं ते मुठीत कुस्करले अन् त्याच्या तोंडात रस पिळला. हिरड्या झोंबल्या, तो कळवळला, पण तिचा हात सोडे नाही.

"हेच तर मागून राहिलो होतो वं मी," तो म्हणाला.

रुखमाबाईनं माझ्याकडं पाहिलं. असं तोंड मी कोणाचं पाहिलं नाही.

"कौसल्ये," ती म्हणाली, "डॉक्टरनं रोज द्यायले सांगितलं. आता उद्या काय देऊ वं?"