बोरकुटेजींनी कोरी ठेवायला लावलेली पाटी

श्री. मनोहरराव बोरकुटे यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या आम्हा ट्रकवाल्यांनी त्यांचा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा पहिला लेख मी लिहावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मालासोबत जाते ती बिल्टी सोडली तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. तरी हो म्हणालो. बोरकुटेजींविषयी मला जे सांगायचं आहे त्यात माझी दोनदा फजिती झालेली आहे, आणि ती दुसऱ्या कोणी रंगवून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

आमची पहिली भेट वीसेक वर्षांपूर्वीची. उमरेडकडची घरची शेती तिघा भावांत पुरेना, म्हणून मी धाकट्याने एक जुना ट्रक घेतला आणि वाडीतल्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत तो लावायला गेलो. याला आमच्यात गाडी अटॅच करणं म्हणतात. गाडी माझी, चालवणारा मी. पण माल कंपनीचा, बिल्टी कंपनीची आणि केबिनवरच्या पाटीवर नावही कंपनीचंच. कोणती गाडी कुठल्या मालाला लावायची हे काम त्या कंपनीत बोरकुटेजी पाहत. मी कागदांची पिशवी पुढे केली, ती त्यांनी हातात घेतलीच नाही. उठून उन्हात आले, गाडीला एक चक्कर मारली आणि ताडपत्रीचं टोक दोन्ही हातांनी उन्हासमोर धरून पाहिलं.

"चार भोकं आहेत गा. आधी हे बदल, मंग कागद दाखव."

मला राग आला. इंजिन बघायचं सोडून हा माणूस कापड काय बघतो, असं मी बाहेरच्या टपरीवर दहा जणांना ऐकवलं. पुढे पावसाळ्यात बुटीबोरीहून निघालेल्या एका गाडीतले सुताचे खोके भिजले. माल पाठवणाऱ्या कारखान्याच्या दारात बोरकुटेजी दिवसभर हात जोडून उभे राहिले. चूक गाडीवाल्याची होती, पण त्याचं नाव त्यांनी तिथे काढलं नाही. तेव्हापासून मी टपरीवर त्यांच्याविषयी तोंड उघडायचं बंद केलं.

त्यांचं दुसरं काम म्हणजे नंबराची वही. गाडी ज्या क्रमाने आवारात आली त्याच क्रमाने तिला माल मिळणार. एकदा त्यांचे सख्खे मेहुणे गाडी घेऊन आले आणि पाहुणेपणाने हसत हसत पुढचा नंबर मागू लागले. बोरकुटेजींनी त्यांना चहा पाजला, घरची खुशाली विचारली आणि नंबर सतरावा दिला. मेहुणे त्यानंतर दोन दिवाळ्या घरी आले नाहीत, असं बोरकुटेजींच्या घरच्या, आमच्या काकू, अजून सांगतात.

काही वर्षं अशी गेल्यावर माझ्या डोक्यात स्वतःच्या पायावर उभं राहायचं वारं शिरलं. आपला परवाना, आपली बिल्टी, आपली पाटी. यातलं काहीही हाती नसताना मी सगळ्यांत सोपं काम आधी उरकलं. पेंटरकडे जाऊन पाटीवरचं कंपनीचं नाव बुजवलं आणि आईचं नाव घालून पुढे 'रोडलाइन्स' लिहून घेतलं. अक्षरं इतकी देखणी आली होती की मी समोरच्या फुटपाथवर बसून कितीतरी वेळ पाहत राहिलो. मग कोणाला दिसू नये म्हणून वरून पोतं बांधलं आणि कंपनीचाच माल भरायला आवारात शिरलो. आता लिहितानाही कान गरम होतात.

बोरकुटेजींनी पोतं वर केलं, नाव वाचलं.

"नाव चांगलं आहे गा. मायचं आहे का?"

"हो जी."

"मंग तिच्या नावावर पोतं काहून बांधलं?"

मी पोत्याची गाठ सोडू लागलो. ते पुढे म्हणाले, "आज गाडीत माल कंपनीचा, बिल्टी कंपनीची, अन् वर नाव तुह्यं. रस्त्यात माल भिजला, तर त्या कारखान्यावाल्यानं कोणाले धरायचं? मले सांग."

चार ड्रायव्हर जमले होते. त्यांच्यासमोर त्यांनी मला एकही कडू शब्द ऐकवला नाही. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारल्या, बंपरवर चढले आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने माझ्याबरोबर स्वतः ते नाव पुसू लागले. शर्ट गेला तो गेलाच. पाटी पिवळी, कोरी झाली. त्यांनी कंपनीला विचारून ती तशीच ठेवायला लावली. "सगळं जुळलं का मंगच लिहजो. तोवर घाई सुटली का वर पाहजो," म्हणाले.

मी तिथेच त्यांचे पाय धरले आणि सगळं कसं करायचं ते शिकवा म्हणालो. त्यांनी विचारलं, "सेठजीले सांगितलं का, तू जाऊन राहिला म्हणून?" मी नाही अशी मान हलवली. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मी त्यांचा नोकर आहे. तू त्यांच्यापासून लपवून जाणार, तर माह्याकडून एक शब्द मिळणार नाही. तोंडावर सांगून ये, मंग सुट्टीच्या दिवशी माह्या घरी बस."

सेठजी म्हणजे कंपनीचे मालक, त्यांच्या केबिनपर्यंतची ती वीस पावलं मला नागपूर-कलकत्त्यापेक्षा लांब वाटली. सेठजी भडकले. एकच ट्रक होता माझा, त्यांनी माल बंद केला असता तर घरी जाऊन बसायची पाळी होती. बायकोला काय सांगायचं हेही मी मनात ठरवून टाकलं होतं. पण सेठजींनी माझी गाडी मागे ठेवायला सांगितली तेव्हा बोरकुटेजींनी वही पुढे केली आणि, त्याला तुमच्याकडे मीच पाठवलं आहे, नंबर मात्र नंबरानेच लागेल, असं सांगितलं. याची शिक्षा त्यांना झाली. टेबल काढून घेऊन त्यांना मागच्या गोदामात बसवलं. बारा वर्षं बसलेली खुर्ची एका दुपारी गेली. हे माझ्यापायी झालं असं त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, गोदामाचं काम मिळालं एवढंच म्हणाले. मला ते काकूंकडून कळलं, तेही दोन वर्षांनी. त्या दिवशी मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्या घरासमोर स्कूटर लावून रडलो आहे.

पुढचं सबंध वर्ष दर रविवारी मी त्यांच्या ओसरीवर बसलो. काकू पोहे आणून ठेवत आणि बोरकुटेजी प्रश्न विचारत. परवान्याचे, विम्याचे, नोंदणीचे कागद कोणत्या क्रमाने करायचे हे त्यांनी दोन बैठकींत सांगून टाकलं. उरलेलं वर्ष प्रश्नांतच गेलं. नागपूरहून माल कोणीही देईल, तिकडून परतीचा माल कोण देणार? त्या माणसाला भेटलास का, की नुसता फोन केलास? तू आजारी पडलास तर गाडी कोण चालवेल? माल भिजला तर आज कंपनी उभी राहते, उद्या तुला उभं राहता येईल का? शेवटच्या प्रश्नाला मी तीनदा "हो" म्हणालो आणि तिन्ही वेळा त्यांनी मला परत पाठवलं. चौथ्यांदा मी म्हणालो, "भीती वाटते जी." तेव्हा ते म्हणाले, "आता जमन."

इकडे ड्रायव्हर मंडळी माझ्या गाडीला कोऱ्या कपाळाची म्हणून चिडवत. मी वर पाटीकडे पाहायचो. परवाना हाती आला, पहिली स्वतःची बिल्टी फाडायची वेळ आली, त्या सकाळी पेंटरने आईचं नाव पुन्हा लिहिलं. बोरकुटेजी रिक्षातून आले. मला वाटलं, पेढे आणले असतील. त्यांनी नवी कोरी ताडपत्री आणली होती.

इथे लेख संपवला असता तर मी त्यात बरा दिसलो असतो. पण गेल्या वर्षीची गोष्ट राहते.

आज माझ्या सहा गाड्या आहेत आणि काही गाडीमालक माझ्याकडे अटॅच आहेत. त्यांतला नामदेव आठ वर्षांपासूनचा, घरच्यासारखा. तो एका सकाळी माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, मी आता आपलं पाहीन म्हणतो." माझं डोकंच फिरलं. तुले काय कमी केलं मी, असं सगळ्या ऑफिसासमोर त्याला ऐकवलं, आणि त्याची गाडी मागे ठेवा असं कारकुनाला सांगून मोकळा झालो. मग गाऱ्हाणं करायला फोन लावला तो बोरकुटेजींनाच! कोणाला लावतो आहे याचंही भान नव्हतं मला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नामदेव स्वतः येऊन बोलला नं तुह्याशी?"

"हो जी."

"मंग तो तुह्यापेक्षा बरा आहे गा. तुले मले पाठवा लागलं होतं."

बस, एवढंच बोलले आणि काकूंच्या गुडघ्याविषयी सांगू लागले. मी फोन ठेवला. मग उठलो, नंबराची वही मागवली आणि नामदेवची गाडी तिच्या जागी लिहिली. कारकुनासमोर त्याची माफीही मागितली. तेव्हापासून दर रविवारी नामदेव माझ्याकडे बसतो, आणि प्रश्न मी तेच विचारतो.

बोरकुटेजींच्या नावाची पाटी आजवर एकाही ट्रकवर लागलेली नाही. माझ्या नव्या गाडीवर त्यांचं नाव टाकायची मी परवानगी मागितली, तर म्हणाले, "गाडी तुही, नाव माह्यं, हे तर पुन्हा तेच झालं." तेव्हा तोही हट्ट सोडला.

नामदेवचा परवाना या आठवड्यात आला आहे. त्याच्या केबिनवरची पाटी वर्षभर कोरी आहे आणि तिच्यावर नाव लिहायचा दिवस आम्ही बोरकुटेजींच्या वाढदिवसाचाच धरला आहे. त्याच्यासाठी ताडपत्री मी आणली आहे. बोरकुटेजी, देवाने तुम्हाला भरपूर आयुष्य द्यावं, डोळे आणि दोन्ही हात असेच धड ठेवावेत. त्या दिवशी वाडीत या, ताडपत्री उन्हासमोर धरा, आणि एक जरी भोक सापडलं तर मला सगळ्यांदेखत परत पाठवा.