लाल रेघ

आमच्या बँडमध्ये एकच नियम आहे. ज्यानं ओळ लिहिली, त्यानंच ती खोडायची. बाकीच्यांनी वाटेल ते बोलावं, नाकं मुरडावीत, दोन रविवार फुगून बसावं, पण पेन त्याच्याच हातात. हा नियम बेस गिटार वाजवणारीनं घातला. ती बँकेत आहे आणि तिला सगळं सहीनिशी लागतं. पहिल्याच वर्षी एका कडव्यावरून मी आणि गिटारवाला कडाकडा भांडलो, तेव्हा तिनं एक जाड वही आणून आमच्यापुढे आपटली आणि सांगितलं, जे काय सुचेल ते यात लिहा, दुसऱ्याच्या अक्षराला मात्र हात लावायचा नाही.

आम्ही चौघं. लग्नांत दुसऱ्यांची गाणी वाजवून वाजवून विटलो आणि स्वतःची करायला लागलो. शहराच्या टोकाला, वाडीत, एका ट्रान्सपोर्ट गोदामाच्या वरची खोली भाड्यानं घेतली आहे. रविवारी सकाळी नऊ ते बारा सराव. आमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुठे ना कुठे रिव्हर्स घेणारा ट्रक वाजतोच. आमच्याकडे चाल आधी येते, मग तिच्यात शब्द बसवायचे. शब्द बहुतेक माझे असतात, आणि गातोही मीच. मी शाळेत मराठी शिकवतो, आणि खरं सांगायचं तर बँडचा कवी म्हणून मिरवायला मला फार आवडायचं.

ड्रमवाल्यानं सहा वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. "मी ठोकतो, तुम्ही लिहा," म्हणायचा. मग एका रविवारी त्यानं वही ओढली, पाच मिनिटं मान खाली घालून लिहिलं आणि आमच्याकडे न बघता चहा आणायला उतरला. वहीत होतं:

"बा माहा जन्मभर दुसऱ्याच्या मांगं गायला, थांबा जरा, त्याची ओळ येऊन राहिली."

त्याच्या वडिलांनी याच वाडीतल्या गोदामांत हमाली केली. शिवाय वस्तीतल्या गायन पार्टीत चाळीस वर्षं कोरसला होते. जयंतीच्या कार्यक्रमात मुख्य गायकानं ओळ म्हणायची आणि यांनी ती मागून उचलायची. पुढे उभं राहून ते कधी गायले नाहीत.

वही आमच्यात पाळीपाळीनं घरी जाते. त्या आठवड्यात ती प्रताप नगरला माझ्याकडे होती, आणि माझ्यासमोर घटक चाचणीच्या पेपरांचा ढीग होता. अर्धा ढीग संपवून मी पेपर तपासायचं तेच लाल पेन घेऊन वही उघडली. ओळ चालीत मावत नव्हती. 'थांबा जरा'पासून पुढचं मी सरळ कापलं आणि खाली स्वतःची एक ओळ लिहिली, सावलीबिवली असलेली. तेव्हा मला काही वाटलंसुद्धा नाही. उलट गाणं वाचवलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी त्यानं वही पाहिली. तीन तास नेहमीसारखा वाजवत राहिला. निघताना मात्र त्यानं ड्रमच्या काड्या बॅगेत टाकल्या. एरवी त्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या बादलीत पडलेल्या असतात.

पुढचे तीन रविवार तो आला नाही. फोन केला की "काम आहे" एवढंच. तिसऱ्या रविवारी बेसवालीनं माझ्यापुढे वही उघडून धरली.

"हे लाल कोणाचं आहे गा?"

"माझं."

"मंग?" असं म्हणून ती बेसच्या तारा लावायला लागली.

मला आधी रागच आला. एका ओळीसाठी एवढं? पण तो राग घरी पोचेपर्यंतसुद्धा टिकला नाही. सहा वर्षांत तो पहिल्यांदा काहीतरी बोलला होता आणि मी त्याला मार्क दिले होते. माझी मलाच लाज वाटली. आणि तो आता परत येणारच नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट त्याच्या घरी गेलो. तो अंगणात कुलरच्या जाळीत नवा वाळा भरत बसला होता. मला पाहूनही हात थांबवले नाहीत.

"ओळ लांब होती, मले माहीत होतं," तो म्हणाला. "मी स्वतः काटली असती. पण तू विचारलंच नाही. मी का तुह्या वर्गातलं पोट्टं आहो का?"

"चुकलो," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याचे वडील पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"झालं का गाणं, मास्तर? पोरगा म्हणे माह्यासाठी त्यात एक जागा ठेवली आहे. कुठून उचलू, तेवढं सांगजा मले."

ड्रमवाला जाळीकडे बघत राहिला. मी गिलास घेतला. 'थांबा जरा' म्हणजे खरोखरच थांबायचं होतं. त्या जागी त्याचे वडील गाणार होते, आणि मी ती जागा लाल रेघेखाली घातली होती.

पुढच्या रविवारी काड्या बादलीत दिसल्या. त्यानं आपली ओळ रेघेखाली पुन्हा पूर्ण लिहिली. गिटारवाल्यानं चालीत चार मात्रा वाढवल्या. माझी सावलीची ओळ त्याच्या ओळीखाली तशीच उरली. नियमाप्रमाणे ती मीच खोडू शकत होतो, आणि माझं मन होत नव्हतं.

वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. स्पीकरजवळ खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मी त्यांच्या मुलाची ओळ म्हटली आणि आम्ही थांबलो. ते माझ्याकडे बघत राहिले. इशाऱ्याशिवाय उचलायची सवयच नव्हती त्यांना. मी मान हलवली.

"थांबा जरा, त्याची ओळ येऊन राहिली." आवाज आमच्यापेक्षा चढा होता, आणि चाल थोडी त्यांची स्वतःची. ड्रमवाल्याचे दोन ठोके चुकले. सहा वर्षांत मी त्याला चुकताना पाहिलं नव्हतं.

संपल्यावर ते किंचित मागे सरकून बसले आणि मला म्हणाले, "म्हणा मास्तर पुढचं. मी आहो मांगं."

पुढची ओळ माझी होती. मी खिशातलं लाल पेन काढलं आणि सगळ्यांसमोर ती खोडली.

"पुढं काही नाही, काका," मी म्हणालो. "गाणं तुमच्यावरच संपते."